शांतपणे निर्णय घ्यावा

तारीख उलटून सहा दिवस झाले होते आणि पोटातल्या बाळाला बाहेर यायची अजिबात घाई नव्हती. कळा आणणारं औषध आजच घ्यायचं, की अजून तीन दिवस वाट बघायची, हे तिनं दुपारपर्यंत सांगायचं होतं. आई म्हणाली, "थांब. तूही दहा दिवस उशिरानंच आली होतीस." सासूबाई म्हणाल्या, "उगाच जिवाला घोर कशाला? आजच मोकळी हो." नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं," आणि तिला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

पोटावर पट्टा बांधून बाळाचे ठोके बघता बघता सिस्टरनं नियमाप्रमाणे माहितीपत्रक वाचून दाखवलं. थांबलं तर बाळाला असलेला धोका थोडा वाढतो. औषध घेतलं तर कळा लांबू शकतात. दोन्ही पर्याय योग्य आहेत. शांतपणे निर्णय घ्यावा.

"शांतपणे म्हणे!" ती उसळली. "यातून बाईनं समजायचं तरी काय? हे लिहिणारीला एकदा या खाटेवर आडवं करा, म्हणजे कळेल."

सिस्टरनं पत्रकाखालच्या सहीवर बोट ठेवलं. "केलंय की, डॉक्टर मॅडम."

तिनं पत्रक ओढून घेऊन स्वतःचीच सही पाहिली. मग हळूच म्हणाली, "सिस्टर, बायका मला असं विचारतात, तेव्हा मी काय सांगते हो?"

"काही नाही. तोवर तुम्ही पुढच्या खाटेशी गेलेल्या असता."