रोज एक गोळी

"नोक्वाझी, खरं सांग, गोळ्या घेतेस का?"

सिस्टर मोकगाडींनी तपासणीचा कागद टेबलावर आपटला. चार वर्षं औषधांनी दाबून ठेवलेला एचआयव्ही सहा महिन्यांत पुन्हा डोकं वर काढून बसला होता.

"घेते की, सिस्टर."

"रोज?"

"कधीतरी विसरते."

हे बोलताना तिला स्वतःचीच लाज वाटली. अंगात बायकांच्या संघटनेचा लाल टी-शर्ट होता. हिलब्रो वस्तीतल्या हॉटेलांत खोल्या घेऊन धंदा करणाऱ्या बायकांना जमवून दर मंगळवारी तीच तर घसा कोरडा करायची. रोज एक गोळी, खंड पाडायचा नाही. पोलिसाने हात टाकला तर त्याचा नंबर टिपून घ्यायचा. आपलं काम हेही काम आहे, मान खाली घालायची नाही. आणि आता तीच गृहपाठ न केलेल्या पोरीसारखी उभी होती.

"दारू वाढली असेल. तुमच्या धंद्यात..."

"धंद्याला मध्ये आणू नका, सिस्टर. आमच्या बायका बँकेतल्या बायकांपेक्षा वेळेवर गोळ्या घेतात. तुमचंच रजिस्टर उघडून बघा."

"मग तुझंच घोडं कुठे अडलं?"

उत्तर रस्त्यापलीकडे, कणसं भाजणाऱ्या बाईपाशी उभं होतं. शुवाई, झिम्बाब्वेची. दोघी एकाच खोलीत राहायच्या. शुवाईचंही औषध याच दवाखान्यातलं. दवाखान्याने तिला कधी नाही म्हटलं नव्हतं. पण सहा महिन्यांपूर्वी वस्तीतली काही माणसं फाटक अडवून उभी राहू लागली. ओळखपत्र दाखवा. इथले असाल तर आत, नसाल तर आपल्या देशात जाऊन आजारी पडा. शुवाई दोनदा गेली. दुसऱ्यांदा परत आली ती फुटलेला ओठ घेऊन.

तेव्हापासून नोक्वाझीची गोळी दोघींची झाली होती. एक दिवस हिची, एक दिवस तिची. अशाने दोघींचंही औषध निकामी होईल, हे तिला पाठ होतं. पण रात्री खोलीत समोरच्या खाटेवर खोकत पडलेल्या बाईला ते कुठल्या तोंडाने सांगायचं?

"त्या मैत्रिणीला देतेस," सिस्टर म्हणाल्या. आता त्या विचारत नव्हत्या.

नोक्वाझीची नजर नकळत खिडकीबाहेर गेली.

"तिला घेऊन ये. माझ्यासमोर बसव. तिचं औषध मी तिला देते."

"फाटकातून कशी आणू? तुम्हीच या ना बाहेर घेऊन. पन्नास पावलं आहेत."

सिस्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मागच्या महिन्यात एक नर्स अशीच औषध घेऊन बाहेर गेली होती. त्या संध्याकाळी तिच्या गाडीची एक काच धड राहिली नव्हती.

"मला दोन मुली आहेत गं," त्या हळूच म्हणाल्या. मग आवाज पुन्हा कडक झाला. "आजपासून गोळ्यांची बाटली घरी न्यायची नाही. रोज इथे यायचं आणि माझ्यासमोर गिळायची. तू तरी वाच."

त्यांनी गोळी तिच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला पुढे केला. नोक्वाझीने गोळी तोंडात टाकली, जिभेने डाव्या गालात सरकवली आणि पेलाभर पाणी पिऊन टाकलं. आज गोळीची पाळी शुवाईची होती.

"आ कर. जीभ वर."

छोट्या बॅटरीचा उजेड जिभेखाली फिरला, उजव्या गालात गेला, डाव्या गालापाशी आला आणि तिथेच थांबला. सिस्टरांनी बॅटरी विझवली.

"उद्याची तू गिळायचीस," त्या कागदावर सही करत म्हणाल्या. "उद्या मी बोट घालून बघणार आहे. जा, आता बोलू नकोस."

फाटकावर मुझी होता, वाट अडवणाऱ्यांचा म्होरक्या. एरवी येता-जाता नोक्वाझी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तुझी आई बाळंतपणाला आली तेव्हाच तिला कुणी फाटकावर अडवलं असतं तर बरं झालं असतं, असं ती सकाळीच त्याला म्हणाली होती, आणि रांगेतल्या बायका खो-खो हसल्या होत्या. आता तोंड कडू थुंकीने भरलं होतं. ती गिळता येत नव्हती, थुंकताही येत नव्हती.

"काय गं, तोंडाला कुलूप? सकाळी तर भारी बोलत होतीस."

ती चालत राहिली. मुझी तिच्या वाटेत आडवा आला आणि तिच्या टी-शर्टवरची अक्षरं सावकाश, मोठ्याने वाचू लागला.

"आमच्या-शिवाय-आमचा-निर्णय-नाही. अरे वा! मग बोल की बाई. सगळे ऐकतायत."

तिने खाली पाहिलं. बोलायला तिच्याजवळ काय नव्हतं? पण गालातली गोळी विरघळत चालली होती. मान खाली घालून, एका बाजूने अंग चोरून ती पुढे सरकली.

"शिकली," मुझी आपल्या माणसांना म्हणाला. "नीट सांगितलं की बायका शिकतात."

मागे सगळे हसले. संतापाने तिचे डोळे भरून आले. रस्ता ओलांडताना एका टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवून शिवी घातली. त्यालाही तिने काही उत्तर दिलं नाही.

शुवाईने रुमाल पसरून हात पुढे केला. नोक्वाझीने वाकून त्यात गोळी टाकली. विरघळून ती निम्म्यावर आली होती.

"अर्धीच उरलीय गं."

"अर्धी माझ्या पोटात गेली," नोक्वाझी तोंड पुसत म्हणाली. "म्हणजे आज दोघींनाही उपास."