आपोआप ‘निघालो’

आमच्या घरात माझ्या ‘निघालो’ या शब्दाला काडीचीही किंमत नव्हती. ऑफिसात खुर्चीला चिकटलेला असतानाच मी बायकोला ‘निघालो’ असं कळवायचो, हे खरं. पण परवा तिने सासूबाईंसमोर माझी पार लाज काढली, तेव्हा मीही पेटलो. फोनमध्ये अशी सोय केली, की ऑफिसच्या फाटकाबाहेर पाऊल टाकल्यावरच तो मेसेज आपोआप जाईल. तिला मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, कळू दे अनुभवाने!

पहिल्याच दिवशी ताठ मानेने घरी पोचलो, तर दाराला कुलूप. किल्ली मी कधी बाळगतच नाही. फोन लावला.

“अगं, मेसेज आला नाही का?”

“आला ना! म्हणून तर निवांत मैत्रिणीकडे आले. म्हटलं, ‘निघालो’ आलंय, म्हणजे अजून तासभर तरी तुम्ही खुर्ची सोडत नाही.”

“मी दारात उभा आहे! तू कधी येतेस?”



“ही काय, निघालेच!” ती म्हणाली, आणि मी बूट काढून पायरीवर मांडी ठोकून बसलो.