बंदीच्या बाजूनं

“तो फोन आधी पालथा ठेव,” मॅडम म्हणाल्या. “यंत्रानं लिहून दिलेलं वाचताना दिसलीस, तर तुला आणि फोनला, दोघांनाही बाहेर काढीन.”

हळूबाईनं बाकावरच्या फोनकडे पाहिलं, मग मॅडमकडे. निमूट फोन पालथा केला आणि ती उभी राहिली.

वाद होता, वर्गात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरू द्यावी की नाही. वाद संपला की हात वर करून मत द्यायचं. बंदीचं ठरलं, तर उद्यापासून सगळ्यांचे फोन दाराबाहेरच्या कपाटात. बाजू चिठ्ठ्या टाकून वाटल्या होत्या. हळूबाईला बंदीची आली होती.

ती या सत्रात नवी. विनोदावर सगळे हसून गप्प झाले की मग हिला हसू यायचं, म्हणून हे नाव.

यंत्राच्या बाजूनं पोपट बोलून गेला होता. यंत्राची उत्तरं जशीच्या तशी म्हणणारा, म्हणून पोपट. “ताट वाढलेलं असताना चूल कशाला पेटवा?” या वाक्यावर त्यानं टाळ्याही मिळवल्या होत्या.

हळूबाई सावकाश, एका सुरात बोलू लागली.

“गणित अडतं. आपण चिडतो, रडकुंडीला येतो. आणि कधीतरी आतूनच उजेड पडतो. यंत्र उत्तर देतं, पण आपलं अडणं काढून घेतं. जो अडलाच नाही, त्याला तो उजेड कसा दिसणार?”

पोपटाचं तोंड उघडं ते उघडंच. मॅडमच्या अंगावर काटा आला. एवढीशी पोर, आणि हे कुठून बोलते?

ती बसली. मॅडम हात मोजायला मागच्या बाकापाशी गेल्या.

“बंदी हवी, त्यांनी हात वर करा.”

भराभर हात वर झाले. पोपटाचासुद्धा. एकटी हळूबाई फळ्याकडे पाहत बसली होती.

“अगं, सगळा वर्ग जिंकलास आणि तुझाच हात खाली?”

तिची मानसुद्धा वळली नाही.

“थांबा मॅडम, पोचेल तिच्यापर्यंत,” पोपट म्हणाला. वर्ग हसला.

“तुझं स्वतःचं मत काय, सांग ना.”

शेवटी शेजारणीनं कोपरानं ढोसलं. हळूबाई दचकली. सगळ्यांचे चेहरे आपल्याकडे वळलेले पाहून तिनं घाईनं फोन सुलटा केला.

स्क्रीनवर मॅडमचे प्रश्न आणि पोपटाचा टोमणा ओळीखाली ओळ उमटले होते. तिनं ते सगळं वाचलं आणि मागं वळली.

“माफ करा मॅडम. फोन पालथा होता, त्यामुळं तुमचं काहीच ऐकू आलं नाही.”