सात शून्यं

मास्तर आणि त्यांची बायको एकाच जुन्या संगणकावर प्रोग्रॅम लिहायचे. मेमरी तुटपुंजी, म्हणून वाटणी ठरलेली: वरची घरं तिची, खालची त्यांची. एकाचं लिखाण दुसऱ्यावर चढलं, तर सगळंच मुसळ केरात. म्हणून आपलं संपलं की ती सात शून्यं टाकायची. "इथपर्यंत मी. पुढे तुमचं राज्य."

ती जाऊन वर्ष झालं, तरी तिची घरं त्यांनी मोकळीच ठेवली होती. आज मात्र जागा पुरेना. "आता कोण भांडणार?" असं पुटपुटत त्यांनी तिच्या घरांत चार ओळी घुसवल्या.

प्रोग्रॅम चालेना. मेमरी उघडून पाहिली, तर त्यांच्या ओळी गायब आणि तिची घरं आकड्यांनी गच्च भरलेली.

त्यांनी संगणक बंद केला. बंद केला की तो सगळं विसरतो. पुन्हा चालू केला. आकडे तिथेच होते, आणि आता खालच्या घरांत उतरत होते.

मास्तरांनी खुर्ची सरकवून शेजारी जागा केली. "लिही गं. मला घाई नाही."

"बाबा, कुणाशी बोलताय?" मुलीनं दारातून विचारलं.

ते शून्यांची वाट पाहत होते.

त्यांचं शेवटचं घर भरलं, तरी शून्यं आली नाहीत.