इन लावला की नाय होतं

सरिताने धावत जाऊन वेल्डिंगचा मेन स्विच बंद केला, तेव्हा ठिणग्या ड्रमांपासून जेमतेम हातभर लांब पडत होत्या.

आठ निळे ड्रम. आत काठोकाठ थिनर. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या त्या रंगाच्या कारखान्यात गोदाम तिच्या ताब्यात होतं, आणि सकाळी हेच ड्रम तिने पेटणाऱ्या मालासाठीच्या कुलूपबंद जाळीत ठेवून घेतले होते.

"इथं कोणी आणले?"

"मीच," कमळू म्हणाला. म्हसा गावचा हा माणूस सहा वर्षं तिथे माल उचलत होता, आणि आजवर त्याच्या हातून एक डबा सांडला नव्हता. "अमेरिकेचा नवा माल आला ना, त्याला जाळीत जागा पायजे होती. त्याच्यावं फ्लेमेबल लिवलंय, म्हंजे पेटतो. आपल्या जुन्यावं इनफ्लेमेबल, म्हंजे पेटत नाय. म्हनून जुना बाहेर काढला."

"कमळूदादा, दोन्ही पेटतात!"

"असं कसं? करेक्ट म्हंजे बरोबर, इनकरेक्ट म्हंजे चूक. कम्प्लीट, इनकम्प्लीट. इन लावला की नाय होतं ना, ताई?"

सरिताने ड्रमावरचा शब्द पुन्हा वाचला. शाळेत तीही हेच शिकली होती.

दुपारी मॅनेजर देवस्थळी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. समोरच्या पडद्यावर तो नवा माल पाठवणाऱ्या कंपनीचा अमेरिकेतला इंजिनिअर होता. तुमचा शब्द चुकीचा आहे, जीव घेणारा आहे, आम्ही तो केव्हाच टाकून दिला, असं तो सांगत होता. साहेबांनी कपाटातून जाडजूड डिक्शनरी काढली. इन्फ्लेम म्हणजे पेटवणं, त्यावरून इनफ्लेमेबल. मूळ शब्द हाच, तुम्ही त्याचं मुंडकं उडवलंत, असं ते बजावत होते. अर्धा तास दोघे हटले नाहीत. एकाच गोष्टीवर मात्र त्यांचं चटकन जमलं. साहेबांनी टाइप केलेला रिपोर्ट सरितापुढे सरकवला. कारण: कामगाराचा निष्काळजीपणा. कमळू उद्यापासून घरी.

"सही कर इथं."

"तो निष्काळजी नव्हता, साहेब. त्याने दोन्ही ड्रम नीट वाचले. वाचता येत नसतं, तर मला येऊन विचारलं असतं."

"मग तूच सांग, बरोबर शब्द कुठला?"

"मला बरोबर नकोय. एकच हवाय."

साहेबांनी चष्मा काढला. "सही नसेल करायची, तर तुझ्याही नोकरीचा विचार करावा लागेल."

वैशाखरे गावातल्या तिच्या घरात पगार आणणारी ती एकटीच होती. तिने पेन उचललं, 'कामगाराचा निष्काळजीपणा' यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: 'एकाच धोक्याला दोन शब्द.' त्याखाली पूर्ण नावाची सही केली.

पडद्यावरच्या माणसाने तिने काय लिहिलं ते विचारलं. साहेबांना ते इंग्रजीत सांगावं लागलं. सांगताना ते मधेच अडखळले आणि पुन्हा पहिल्यापासून बोलले.

त्याने ते शब्द वहीत लिहून घेतले. मग तो म्हणाला, "हे असंच पाठवा."

साहेबांनी डिक्शनरी मिटली. तिच्या सहीशेजारी स्वतःची सही केली, पण तिच्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी जाळीच्या आत कमळू उकिडवा बसून काळ्या रंगाने जुन्या ड्रमांवरची पहिली दोन अक्षरं झाकत होता. सरिता दुसरा ब्रश घेऊन त्याच्या शेजारी बसली. दोघांच्या मधे रंगाचा एकच डबा होता.

"ताई," चौथ्या ड्रमाशी तो म्हणाला, "पुढं आसाच कुठला शब्द आडला, तर इचारायचं कोनाला? सायबाला, का अमेरिकेला?"

"मला," सरिता म्हणाली, आणि तिने ब्रश डब्यात बुडवला.