मधली नळी

“पाठीला दप्तर अडकवून फिरायला मी काय शाळेत चाललेय?” घड्याळजींची बायको म्हणाली आणि विक्रेत्याने पुढे केलेली पिशवी तिने परत त्याच्याकडे ढकलली.

पिशवीत ऑक्सिजनचं छोटं मशीन होतं. बॅटरीवर चालणारं, खांद्याला अडकवलं की जाल तिथे बरोबर येणारं. घड्याळजींना ते बघताक्षणी आवडलं होतं. यापुढे दिवसाचा बहुतेक वेळ नाकाला नळी हवी, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: बायको खाटेला खिळलेली आणि घर सुनंसुनं. हे मशीन घेतलं की सगळं पहिल्यासारखं होणार होतं. त्यांना दुसरं काही नकोच होतं.

“अगं, हे घेतलंस तर घरभर फिरशील. अगदी स्वयंपाकघरातसुद्धा!”

“नळी लावून गॅसजवळ जायचं नाही हं, काका,” विक्रेत्याने बजावलं. “कुठलंही मशीन घ्या. आगीपासून लांबच.”

“मग गॅस हवाय कशाला?” बरोबर आलेला मुलगा म्हणाला. “विजेची शेगडी आणू. आग नाही, भानगड नाही. आईला स्वयंपाकघराशिवाय करमणार आहे का?”

“तापणाऱ्या वस्तूंपासूनही जपायला लागतं,” विक्रेता पुटपुटला. पण शेगडी कुठली घ्यायची यावर बापलेकांची चर्चा रंगली होती. दोघांचा तिच्यावर जीव होता आणि तिच्या हातच्या जेवणावरही होता. यातलं कोणतं प्रेम कुठे संपतं, हे तपासायची वेळ त्या घरावर कधी आली नव्हती.

गेल्या महिन्यात ती ओट्यापाशीच धापा टाकत खाली बसली होती. “गॅस बंद करा,” एवढंच कसंबसं म्हणाली होती. केसाएवढी चाकं चिमट्याने बसवणाऱ्या घड्याळजींनी घाईघाईने एक बटण पिरगाळलं आणि ज्योत आणखी मोठी केली. शेवटी तिनेच भिंतीला धरून उठत गॅस बंद केला. तो प्रसंग आठवला की त्यांना अजून घाम फुटायचा.

“मोठं दाखवा,” बायको म्हणाली.

मोठं मशीन गुडघ्याच्या वर येणारं होतं, चाकांवरचं, भिंतीतल्या विजेवर चालणारं. सुरू केल्यावर ते घुं घुं करायला लागलं. “डॉक्टरांच्या चिठ्ठीत ऑक्सिजनचा सतत प्रवाह लिहिलाय, त्यासाठी हेच बरं,” विक्रेता म्हणाला. “बाहेर जायचं असेल तेव्हा छोटं भाड्याने मिळतं.”

“हेच द्या.”

“अगं, पण हे तुला एका जागी बांधून ठेवेल!” घड्याळजींचा आवाज चढला. “तुला असं दावणीला बांधलेलं मला बघवणार नाही.”

“मला बांधणारा अजून जन्माला यायचाय.” एवढं बोलून तिला दम लागला. तो ओसरेपर्यंत ती काउंटरला धरून उभी राहिली. मग म्हणाली, “नळ्या केवढ्या मिळतात?”

तीन मापांच्या मिळत होत्या. घड्याळजी म्हणाले, सगळ्यात लांब घे. तिने मधली उचलली. लांब नळी पायात येते, म्हणाली. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. सगळं आयुष्य शिवणकामात गेलेलं, कापडाला कात्री लावताना तिने कधी कोणाचं ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातला माणूस मशीन बसवायला आला. घड्याळजींनी बाहेरच्या खोलीत, घराच्या मधोमध जागा करून ठेवली होती.

“इथे नाही. आत, खिडकीपाशी.”

“अगं, झोपताना आवाज होईल.”

“होऊ दे. तुमचं घोरणं ऐकत इतकी वर्षं काढलीच की.”

मुलाने हसू दाबलं. मशीन आत गेलं.

नाकाला नळी लावून ती घरात फेरी मारायला निघाली. घड्याळजी मागोमाग, नळी कुठे अडकू नये म्हणून हातात धरून. नळी खाटेपाशी पोचली, न्हाणीघरात पोचली. गॅलरीत जाऊन तिने समोरच्या शेजारणीला हाक मारली आणि दोघींनी चांगल्या मनसोक्त गप्पा मारल्या. पुढचं दार उघडून ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली, तिथेही नळी पुरली. कित्येक दिवसांनी ती धाप न लागता बोलत होती. घड्याळजींना भरून आलं. आपण उगीच दुकानात आरडाओरडा केला, असं त्यांना मनापासून वाटलं.

मग ती स्वयंपाकघराकडे वळली. उंबऱ्याच्या अलीकडे नळी ताणली गेली आणि तिला थांबावं लागलं.

“अरेरे!” घड्याळजी हळहळले. “नेमकी इथेच हातभर कमी पडली. तरी मी सांगत होतो!”

“जोड देऊन वाढवता येईल, काकू,” मशीन बसवणारा पिशवीत हात घालत म्हणाला.

तिने मुलाला खुर्ची आणायला लावली. उंबऱ्याच्या अलीकडे ती ऐसपैस बसली. एक लांब, पोटभर श्वास घेतला आणि नवऱ्याला बोटाने ओटा दाखवला.

“कमी नाही पडली. घर मोजूनच गेले होते मी दुकानात.”