राखीव खेळाडू

नव्या संघाचा लीगमधला हा पहिलाच हंगाम आणि आज त्यातला शेवटचा सामना. संघ केव्हाच स्पर्धेबाहेर गेला होता, आता गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरीही टीव्हीवर तिचा धाकटा पाण्याच्या बाटल्या घेऊनच मैदानात धावताना दिसला. हंगामभर त्यानं एवढंच केलं होतं. एरवी देवाशीसुद्धा हळू आवाजात बोलणाऱ्या तिनं रिमोट सोफ्यावर आपटला.

"एकदा, निदान एकदा तरी खेळवायचं होतं! या कॅप्टनला आईबाप आहेत की नाहीत?"

"आहेत की," नवरा पेपरमागून पुटपुटला.

"मग त्यांनी काही शिकवलं नाही का त्याला? पुढच्या वर्षी माझ्या पोराला कोण विचारणार? लावा त्याला फोन. आज त्याची गाठ माझ्याशी आहे!"

नवऱ्यानं सामना संपेपर्यंत तिला कसंबसं थोपवलं आणि मग मुकाट्यानं फोन लावून दिला. ती तोंडाला येईल ते बोलली. पलीकडे कॅप्टननं सगळं निमूट ऐकून घेतलं.



"आई, त्याला खेळवलं असतं, तर 'स्वतःच्या भावाला घुसवलं' म्हणाले असते लोक."